लोंबता धागा कुणी ठेवला?



जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या माणसाला सुरत काही परकी नाही. भुसावळ-सुरत गाडीने पोटापाण्याला गेलेला कुणी ना कुणी आपल्या नात्यागोत्यात असतोच. उधना, लिंबायत, पर्वत पाटिया या भागांत आपली माणसं दाटीने राहतात; कुणी लूमवर, कुणी डाइंग मिलमध्ये, कुणी रिंग रोडच्या कापड मार्केटात. सुरत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. तिथल्या मुलांना हस्तकला, कार्यानुभव म्हणून शिकवायचं तरी काय, याबद्दल आज बोलणार आहे.

या पोरांना हातकाम शिकवायला निघणं जरा धाडसाचंच. भरतकामाच्या मशीनवरून उतरलेल्या साड्यांचे गठ्ठे तिथे घरोघर येतात. मशीनची सुई एक बुट्टी भरून झाली की पुढच्या बुट्टीवर उडी घेते आणि मधल्या जागेत धागा लोंबता ठेवते. तो कापायचा, हे बायकांचं घरबसल्या काम, पैसे नगावर. शाळेतून आलेली मुलगी दप्तर कोपऱ्यात टाकते नि आईशेजारी बसते. डाव्या हाताच्या बोटावर कापड ताणायचं, धागा किंचित उचलायचा, कात्रीचं टोक आडवं ठेवून मुळाशी कापायचा. टोक कापडात घुसलं तर साडी गेली. इतका हात बसलेल्या मुलीला आपण शाळेत क्रेप कागदाची फुलं करायला लावतो आणि वर दहापैकी गुण देतो!

तिला हाताचं कसब शिकवायची गरज नाही. तिला कुणी विचारलेलं नाही ते हे, की हा धागा मुळात लोंबतो का? तो कापण्यात तिची संध्याकाळ जाते, पण तो तिथे कुणी ठेवला?

त्याचं उत्तर बाजारातल्या एखाद्या छोट्या ऑफिसात मिळतं. संगणकावर नक्षीचे टाके बसवणाऱ्या माणसाच्या कामाला तिकडे पंचिंग म्हणतात. कोणती बुट्टी आधी, कोणती नंतर, सुई कुठून कुठे जाणार, हे तो ठरवतो. क्रम बदलला की उड्या बदलतात, धागा कमी-जास्त होतो. म्हणजे पर्वत पाटियातल्या घरात किती धागा कापला जाणार, हे आधीच त्या पडद्यावर ठरलेलं असतं.

आता हेच वर्गात आणा. आलेखाच्या कागदावर आठ ठिपके काढायचे, पुठ्ठ्यावर चिकटवून प्रत्येक ठिपक्यावर टाचणी टोचायची. एका टाचणीपासून निघून सगळ्या टाचण्यांना एकेकदा धागा लावायचा आणि शेवटी धागा मोजायचा. कोणत्या गटाचा सर्वांत कमी? आठ ठिपक्यांचे क्रम लागतात ४०,३२०. तोच मार्ग उलटा धरला तर नवा मानायचा नाही म्हटलं, तरी २०,१६० उरतात. फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न म्हणून गणितज्ञांनी डोकं खाजवलेला तो हाच प्रकार. ठिपके वाढले की संगणकालाही घाम फुटतो. सातवीच्या मुलीला हे समजेल का, असं विचारणाऱ्यांनी तिला एकदा पुठ्ठा देऊन पाहावा.

कामातून शिक्षण हा विचार सुरत जिल्ह्याला नवा नाही. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला गांधीजींनी परिषद भरवली, झाकीर हुसेन समितीने आराखडा केला, आणि फेब्रुवारी १९३८मध्ये काँग्रेसने बुनियादी शिक्षणाचं तत्त्व स्वीकारलं ते बारडोली भागातल्या हरिपुऱ्याच्या अधिवेशनात. समितीच्या वेळापत्रकात रोजच्या साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटं हस्तव्यवसायाला होती. मुलांच्या उत्पादनावर शाळेचा खर्च भागावा, ही कल्पना मात्र समितीतल्या प्रा. के. टी. शहांना तेव्हाही पटली नव्हती. माझं मत शहांच्या बाजूने आहे. पर्वत पाटियात शाळेने उत्पादनाचा हिशेब मांडला, तर घरातला गठ्ठा वर्गात यायला कितीसा वेळ लागेल? गणित, भाषा, भूगोल हे सगळं कामाशी जोडायचं, ही त्या योजनेतली खरी मोलाची गोष्ट; पुढे बऱ्याच शाळांत टकळीच तेवढी फिरत राहिली.

ती जोड कशी असते, हे पुणे जिल्ह्यात पाबळला दिसतं. डॉ. श्रीनाथ कालबागांनी १९८३मध्ये तिथे विज्ञान आश्रम काढला. त्यांच्या अभ्यासक्रमात शाळेतली मुलं आठवड्यातला एक दिवस वर्कशॉप, वीज, शेती, घर-आरोग्य यांत घालवतात. वस्तू करण्याआधी आकृती काढायची, माप घ्यायचं, खर्च मांडायचा.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं आहे. त्या दिवसांत स्थानिक कारागिरांकडे शिकायचं. सुरतेत याचा सोपा अर्थ लूमच्या खात्यात नेणं असा घेतला जाईल. ते खातं या मुलांच्या बापांनी जन्मभर पाहिलंय. मुलांना पंचिंगवाल्याच्या टेबलाशी न्या, आणि त्याला त्यांच्यासमोर क्रम बदलून दाखवायला सांगा.

वर्गात पन्नास मुलं, सामान कुठून आणायचं, अशी शिक्षकांची रास्त तक्रार येईल. पुठ्ठा मार्केटातल्या खोक्यांचा मिळतो, धागा तर मागाल तितका. कात्र्या मात्र शाळेनेच विकत घ्याव्यात. घरून आणायला सांगू नये. घरची कात्री कामाला लागलेली असते.