नागसेन : शिष्य सगळ्यांचा, गुरू एकट्या आपला

(पुण्यात ताडीवाला रोडवर युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज एका नावावर बोलणार आहे. नागसेन. काहींना वाटेल, हा काय विषय झाला? स्कॉलरशिप, झोपडपट्टीचं पुनर्वसन, बेकारी, हे सगळं सोडून हा बुवा बारशाच्या गप्पा मारायला आलाय. पण नावाचं राजकारण आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. एका विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. प्रत्यक्ष नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, आणि तेही 'मराठवाडा' हा जुना शब्द पोटात ठेवून. साडेपंधरा वर्षं! एका नावासाठी माणसं मेली. तेव्हा नाव म्हणजे नुसता हाक मारायचा आवाज, असं निदान आपण तरी म्हणू नये.

मनूलाही हे पक्कं ठाऊक होतं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावांची वाटणी आहे. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं जुगुप्सित. जुगुप्सित म्हणजे ऐकताच किळस यावी असं. आपण तर त्या चौकटीच्याही बाहेरचे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला तो ग्रंथ जाळला, त्यात ही वाटणीही जळाली. कागदावर. गावात ती तशीच राहिली.

आपल्या आज्या-पणज्यांच्या घरातली नावं आठवा. कचरू, केरू, धोंडू, दगडू, भिकू, विदर्भात उकर्डा. 'बलुतं' लिहिणाऱ्या दया पवारांचं कागदोपत्री नाव दगडू मारुती पवार. आता इथं एक खरं सांगितलं पाहिजे, नाहीतर आपलाच अभ्यास कच्चा ठरेल. ही नावं सगळी मनूनं दिली असं नाही. पोरं जगत नव्हती. एकामागून एक मूल दगावलं की आई पुढच्याला दगड म्हणायची, उकिरडा म्हणायची, म्हणजे मरणाची नजर त्याच्यावर पडू नये. ही चाल सगळ्या जातींत होती. ह्याच पुण्यात हिंगण्याला बायकांची शाळा काढणारे महर्षी कर्वे, त्यांचं नाव काय? धोंडो केशव. धोंडाच की! पण तो धोंडा ब्राह्मणाच्या घरात पडला की धोंडोपंत होतो, पुढं अण्णासाहेब होतो, १९५८ ला भारतरत्न होतो. आमच्या वाड्यात पडला की धोंड्या. मरेपर्यंत धोंड्या. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला पाटलाचं शेंबडं पोर हाक मारणार, 'ए धोंड्या'. म्हणून मी म्हणतो, नाव एकच असलं तरी जात शेपटात बसलेली असते, त्या 'या'त आणि त्या 'पंता'त.

कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं कोरलेली आहेत. आपण दरवर्षी जातो, फुलं वाहतो, पण नावं वाचतो का? बरीच नावं 'नाक' अशी संपतात. हे नाक म्हणजे मुळात नाग, असं आपल्यातले काही जण ठासून सांगतात. मला ते भाषाशास्त्रानं सिद्ध झालेलं वाटत नाही. नायक हा शब्दही तिथं शेजारीच उभा आहे. पण नाग हा धागा बाबासाहेबांनी स्वतः हातात घेतला होता, हे पक्कं. १५ ऑक्टोबर १९५६ ला, धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, नागपूर का निवडलं हे सांगताना ते नाग लोकांबद्दल बोलले. बुद्धाचा धम्म ज्यांनी पसरवला ते नाग. आणि त्याच भाषणात मिलिंद राजा आणि नागसेन भिक्षू यांचाही दाखला आला.

तर आता नागसेन कोण, ते बघू.

पालीत एक ग्रंथ आहे, मिलिंदपञ्ह. मिलिंदाचे प्रश्न. हा मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मेनांदर, इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला. राजधानी सागल. ते आजचं पाकिस्तानातलं सियालकोट, असं बहुतेक जण धरतात. त्याची नाणी सापडली आहेत, एका बाजूला ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी. काहींवर आठ आऱ्यांचं चक्रही आहे. म्हणजे राजा दंतकथेतला नाही. आणि यवन म्हणजे कुणी लांबचे पाहुणे, असंही समजू नका. आपल्या पुणे जिल्ह्यातच कार्ल्याच्या लेण्यात जा. तिथल्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची दानं कोरली आहेत. जुन्नरच्या लेण्यांतही इरिल, चित, चंद अशा यवनांची नावं आहेत. चंद! ग्रीक माणसाचं नाव चंद. दोन हजार वर्षांपूर्वी इथं परदेशी माणूस येऊन इथलं नाव घेऊ शकत होता. गावातल्या महाराला मात्र पुढं हजार वर्षं मनासारखं नाव घेता आलं नाही.

हा राजा मोठा वादपटू. भल्याभल्यांना गप्प करायचा. त्याच्यापुढं नागसेन येतो आणि राजाचा पहिलाच प्रश्न असतो, भदन्त, तुमचं नाव काय? दोस्तांनो, अख्खा संवाद नावापासून सुरू होतो! नागसेन सांगतो, मला नागसेन म्हणतात. पण आईबाप नागसेन ठेवतील, शूरसेन ठेवतील, वीरसेन नाहीतर सिंहसेन ठेवतील. ती नुसती ओळखीची खूण. त्या नावामागं कायमचा असा कुणी आत्मा बसलेला नाही. राजा बरोबरच्या पाचशे यवनांना साक्षी ठेवतो आणि तुटून पडतो. मग चीवर घेतो तो कोण? जेवतो कोण? तुझे केस म्हणजे नागसेन का? नखं? दात? नागसेन शांतपणे उलटा विचारतो, महाराज, चालत आलात की वाहनानं? रथानं. मग चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? राजा नाही नाही म्हणत जातो आणि स्वतःच कबूल करतो, की हे सगळे भाग एकत्र आले म्हणजे त्याला रथ हे नाव. हेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर, नागसेन म्हणतो.

जरा विचार करा, ह्याचा आपल्याशी संबंध काय. जन्मासोबत माणसाच्या आत काही चिकटून येतं, पवित्र नाहीतर अपवित्र, आणि ते मेल्यावरही सुटत नाही, यावर तर जात उभी आहे. नागसेन तो खुंटाच उपटतो. आत असं काही नाहीच म्हणतो. मग बाटणार काय?

आणखी एक जागा मला फार आवडते. राजा म्हणतो, माझ्याशी चर्चा कर. नागसेन म्हणतो, पंडितासारखी करणार असशील तर करतो, राजासारखी करणार असशील तर नाही. पंडितांच्या वादात एकमेकांचं खोडतात, चुका दाखवतात, पण कुणी रागावत नाही. राजे मात्र विरोध केला की शिक्षा देतात. राजसत्तेच्या तोंडावर हे सांगणारा भिक्षू. ग्रंथाच्या शेवटी तो राजा उपासक होतो.

ग्रंथानुसार नागसेन जन्मानं ब्राह्मण. बाप सोणुत्तर नावाचा ब्राह्मण, गाव कजंगल. पोरगं तिन्ही वेद शिकलं आणि त्यात सार नाही म्हणून उठून गेलं. हे लपवायचं काही कारण नाही. उलट मोठ्यानं सांगा. वेद न वाचता वेदांना शिव्या घालणारे पुष्कळ असतात, हा वाचून सोडणारा होता.

नावाचा अर्थ सरळ आहे. नाग अधिक सेना, नागांची सेना ज्याची तो. पण पालीत नाग म्हणजे नुसता साप नाही. हत्तीही नाग, आणि ज्यानं विकार जिंकले त्या महापुरुषालाही नाग म्हणतात. हे नाव पुढं फार लांब गेलं. चिनी भाषेत नागसेन भिक्षूचं सूत्र आहे. ब्रह्मदेशात मिलिंदपञ्ह त्रिपिटकात धरतात. थायलंडची ती प्रसिद्ध पाचूची बुद्धमूर्ती नागसेनानंच घडवून घेतली, अशी तिकडची दंतकथा आहे. इथं, स्वतःच्या देशात, मात्र नाव पुसलं गेलं. ते परत आणलं बाबासाहेबांनी. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० ला औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज काढलं. पुढं ते मिलिंद महाविद्यालय झालं आणि त्याचा सगळा परिसर नागसेनवन. राजाचं नाव इमारतीला आणि गुरूचं नाव सगळ्या रानाला. मराठवाड्यातली आपली पोरं तिथं भाकरी बांधून आली, शिकली, लिहू लागली. धर्मांतरानंतर घराघरात सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद आले, सुजाता, विशाखा आल्या. त्यांत नागसेनही आला, पण थोडा.

आता खरी मेख इथं आहे. मिलिंद आज सगळ्या जातींत आहे. क्रिकेटमधले मिलिंद रेगे, सिनेमातले मिलिंद सोमण, लेखक मिलिंद बोकील. राहुल, सिद्धार्थ तर विचारूच नका. पण आपल्या समाजाबाहेरचा नागसेन तुम्ही किती पाहिलेत? मी एकही नाही. ग्रीक राजा सदाशिव पेठेत पोचला, त्याला वादात जिंकणारा भिक्षू ताडीवाला रोडवरच राहिला.

का? संस्कृत कोशात मिलिंद म्हणजे भुंगा. त्यांनी भुंगा म्हणून त्याला घरात घेतलं. मेनांदर म्हणून घेतलं नाही. नाव छोटं, गोड, बुद्धाशिवायही चालतं. बरं, 'नाग' शब्दाची भीती आहे म्हणावं, तर नागेश चालतो, नागनाथ चालतो, नागोराव चालतो. नाग चालतो, फक्त त्याला देव जोडावा लागतो. 'सेन' जड वाटतो म्हणावं, तर ह्याच पुण्यात पंडित भीमसेन जोशी आयुष्यभर गायले, कुणाच्या जिभेला भीमसेन जड झाला नाही. नाग चालतो, सेन चालतो. दोन्ही मिळून आले की चालत नाही, कारण हे नाव एकाच दारातून येतं आणि ते दार बुद्धाचं आहे. ह्याला भुंगा करता येत नाही. म्हणून हे नाव दुर्मिळ आहे. कठीण आहे, जुनाट आहे, ह्या सगळ्या सबबी.

आता आपल्यातलेच काही सुशिक्षित म्हणतात, पोराला असं नाव देऊ नका, पाट्या वाचणारे लोक लगेच ओळखतात. आरव ठेवा, विहान ठेवा. आईबापांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. पुण्यात भाड्यानं खोली बघायला गेलेल्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे. पण तिथं विचारतात काय? आडनाव. गाव. घरात मटण होतं का. पहिलं नाव आरव ठेवून आडनावाचा कांबळे कुठं लपवणार? लपवायचं म्हटलं की मग आडनाव बदला, देव्हारा मांडा, घरातला फोटो आतल्या खोलीत न्या. ह्याला शेवट नाही. शिवाय पोराला काय सांगणार, की तुझं नाव आम्ही भिऊन ठेवलं?

सगळ्यांनी नागसेनच ठेवा, असा फतवा मी काढत नाही. तो स्वतःच म्हणाला आहे, नाव ही खूण आहे, आईबाप दुसरं काही ठेवतील. फक्त ज्यांना ते नाव मनापासून ठेवायचंय त्यांनी शेजाऱ्याला विचारत बसू नये. आणि ठेवलं तर निभवा. वस्तीत आपणच त्याचा 'नाग्या' करतो. पाटलानं केलं तर मोर्चा, आपण केलं तर लाड? पूर्ण म्हणा. तीन अक्षरं आणि वर एक.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, कारण ह्यात आपली माणसं फसतात. दवाखान्यातून जन्माची नोंद नावाशिवाय जाते आणि तशीच पडून राहते. मग शाळेतला मास्तर घाईत सुचेल ते लिहितो आणि तेच जन्माला चिकटतं. कायद्यानं नोंदीत नाव घालायला पहिले १२ महिने फी नाही. त्यानंतर लेट फी भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. कॉर्पोरेशनच्या जन्म-मृत्यू नोंदणीत आईबापांनी स्वतः जावं, मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडं आपल्या हातानं लिहून द्यावं, आणि दाखला हातात आला की तिथंच उभं राहून वाचावा. 'नागेश' झालेला असेल तर तिथंच दुरुस्त करून घ्यावा, मगच खिडकी सोडावी.

जय भीम.