परदेशी गेलेल्याचे घर : भाडेकरू परका की घरचा?



वसंत व्याख्यानमालेत भाड्याच्या घराचा विषय निघावा याचे काहींना नवल वाटले असेल. चालकांनी मला कामगार चळवळीच्या वाटचालीवर बोलायला सुचवले होते. मीच म्हटले, त्या वाटचालीवर पुष्कळांनी बोलून झाले आहे. आज आपल्या अनेक घरांतला एक तरी माणूस परदेशी आहे, आणि त्याच्या इथल्या घराचे काय करायचे यावरून किती कुटुंबांत अबोला धरलेला आहे, हे मी कचेरीत बसून पाहतो. त्यावर बोलू द्या. त्यांनी मोठ्या मनाने मान्य केले.

परदेशातला घरमालक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अमेरिकेतला इंजिनियर उभा राहतो. तोही आहेच. पण माझ्याकडे येणारी माणसे निराळी. रत्नागिरी-रायगडकडचे फिटर, वेल्डर, ड्रायव्हर कुवेतला, दुबईला, मस्कतला जातात. कोणी बोटीवर खलाशी असतो, कोणी इस्पितळात परिचारिका. उन्हातान्हात राबून साठवलेल्या पैशातून ही माणसे पनवेलला, कल्याणला दोन खोल्या घेतात. आखातात कितीही वर्षे काढली तरी काम संपले की परत यावे लागते. त्या दोन खोल्या हेच त्यांचे पेन्शन. म्हणून ‘मालक’ हा शब्द ऐकून माझ्या कामगार बंधूंनी लगेच कपाळाला आठ्या घालू नयेत.

असा माणूस विचारतो, खोल्या भाड्याने परक्याला देऊ, की धाकट्या भावाला राहायला देऊ?

परक्याला घर दिले की घर गेले, ही भीती आपल्या हाडीमाशी खिळली आहे. ती उगाच आलेली नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे हे प्रमाण धरले आणि ते तिथेच गोठले. त्या कायद्याला शिव्या देणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांच्यातला नाही. गिरणगावात एका खोलीत ज्यांनी दोन दोन पिढ्यांचे संसार केले, त्यांच्या डोक्यावरचे छप्पर त्याच कायद्याने राखले. पण मालकाला दुरुस्तीपुरताही पैसा उरेना, पागडी बोकाळली, आणि १९७३ च्या दुरुस्तीने तर १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो नुसत्या लायसन्सवर राहत होता तोही भाडेकरू ठरला. या एका तारखेने मालकवर्गाची झोप उडवली. माणसे घराला कुलूप घालून परगावी जाऊ लागली. घर ओस पडले तरी चालेल, पण परका नको.

तो काळ आता गेला. गोठवलेले भाडे न्यायाला धरून राहिलेले नाही असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली सांगितले, आणि १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यात चोविसावे कलम आहे. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर राहणारा निघाला नाही, तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा; आणि मुदतीनंतर जितके दिवस तो राहील तितक्या दिवसांचे शुल्क दुप्पट दराने द्यावे. मात्र करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत अजून लोक उराशी धरून आहेत. आपल्या राज्यात ती खोटी आहे. पंचावन्नावे कलम नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकते आणि करार नोंदलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरू म्हणेल ते आधी खरे धरले जाते. साठ महिन्यांपर्यंतच्या कराराला मुद्रांक शुल्क लागते ते एकंदर रकमेच्या पाव टक्का. तेवढ्यासाठी माणसे घर पणाला लावतात!

तेव्हा कायद्याच्या दृष्टीने परक्याची भीती पुष्कळशी शिळी झाली आहे. (परका निवडताना आडनाव विचारणारे, एकट्या बाईला खोली नाकारणारे मालक मला माहीत आहेत. ती भीती नव्हे, तो कोतेपणा. त्यावर निराळे व्याख्यान लागेल.)

आता घरच्याकडे वळू. खरी गाठ इथे आहे.

भावाला खोल्या देताना काय बोलणे होते? “राहा रे, घर सांभाळ.” बस्स. या चार शब्दांत किती करार दडलेले आहेत पाहा. भाडे द्यायचे की नाही? सोसायटीची वर्गणी कोणाची, घरपट्टी कोणाची? गच्ची गळली तर? मी परत आलो तर तू किती दिवसांत निघशील? यातले एकही बोलले जात नाही, कारण बोलले तर विश्वास नाही असे दिसते. परक्याशी आपण अकरा पानी करार करतो, आणि जिथे संबंध आयुष्यभराचा तिथे एक चिठ्ठीही नाही!

एक प्रकरण सांगतो. आमच्या युनियनचा एक सभासद वडील भावाच्या कल्याणच्या दोन खोल्यांत चौदा वर्षे राहिला. वडील भाऊ कुवेतला फिटर. मुलीच्या शिक्षणासाठी त्याला खोल्या विकायच्या झाल्या. त्याने मोबाइलवर निरोप धाडला, “एक तारखेपर्यंत खाली कर.” धाकट्याने उत्तर दिले, “वकिलामार्फत ये.” दोघेही एका ताटात जेवलेले.

मी दोघांना म्हटले, पगाराच्या वाटाघाटीला बसतो तसे बसू. धाकटा आणि त्याची बायको कचेरीत, वडील भाऊ व्हिडिओवर. कागदावर दोन रकाने पाडले. एकात चौदा वर्षांचे भाडे मांडले. दुसऱ्यात धाकट्याने भरलेले पैसे. बिस्किटाच्या डब्यात सोसायटीच्या पावत्या निघाल्या, घरपट्टीच्या निघाल्या, पाण्याच्या टाकीची वर्गणी, गच्चीच्या डांबराचा वाटा. पावती नसलेली रक्कम धरायची नाही, असे आधीच ठरवले होते. तरी भाड्याचा रकाना जड राहिला, आणि वडील भावाच्या चेहऱ्यावर आपणच बरोबर होतो असे समाधान दिसू लागले.

त्यांची आई शेवटची तीन वर्षे त्याच खोल्यांत अंथरुणाला खिळून होती. वडील भाऊ म्हणाला, “आईचा खर्च मी पाठवत होतो.” ते खरे होते. तेव्हा इतका वेळ गप्प बसलेली धाकट्याची बायको म्हणाली, “भाऊजी, पैसे तुम्ही पाठवलेत. रात्री उठत होते मी.”

कागदावर त्याला रकाना नव्हता. मग आम्ही रात्रपाळीच्या आयाचा तेव्हाचा दर विचारून घेतला आणि तीन वर्षांचा आकडा मांडला. वडील भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. आकड्याविषयी त्याची तक्रार नव्हती. आपल्या आईच्या शुश्रूषेचा हिशेब व्हावा याचे त्याला वाईट वाटले. मला ते समजते. पण हिशेब झाला नसता तर त्या बाईची तीन वर्षे शून्य ठरली असती, आणि ‘फुकट राहिले’ हा शिक्का तेवढा उरला असता. अखेर धाकट्याला सात महिन्यांची मुदत आणि दुसरीकडे अनामत भरण्यापुरती रक्कम मिळाली. खोल्या विकल्या गेल्या. दोघे गणपतीला एकत्र येतात की नाही, हे मी विचारलेले नाही.

कायदा या बाबतीत वडील भावाच्या बाजूचा आहे, हे धाकट्यांनीही जाणून असावे. गोव्यातील एका बहीण-भावाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट सांगितले, की राखणदार म्हणून राहणाऱ्याला, तो कितीही वर्षे राहिला तरी, घरात हक्क उत्पन्न होत नाही. निर्णय योग्यच आहे. पण तो लागेपर्यंत किती वर्षे लोटली ते पाहिले, तर जिंकणाऱ्याच्याही डोळ्यांत पाणी येईल. कागद नसलेल्या भावाविरुद्ध चोविसाव्या कलमाचा जवळचा रस्ता मिळत नाही. दिवाणी दाव्याची लांबची वाट धरावी लागते.

आणि घरात हक्क नाही म्हणून राखणदारीची किंमतही नाही, असे थोडेच आहे? १८७२ चा करार कायदा पाहा. मुखत्याराने मालकाला हिशेब दिला पाहिजे असे त्यात आहे; तसेच मुखत्याराला कायदेशीर काम करताना जी तोशीस लागली ती मालकाने भरून दिली पाहिजे, असेही आहे. आपल्याकडे पहिले वाक्य परदेशातला भाऊ पाठ करतो आणि दुसरे इथला.

घर सांभाळणे हे काम आहे, असे माझे म्हणणे. नळ बदलणे, सोसायटीच्या सभेला जाणे, भाडेकरूच्या तक्रारी ऐकणे, दुय्यम निबंधकाकडे खेटे घालणे. परदेशातले चिरंजीव हे सगळे सत्तरीच्या वडिलांवर सोपवतात आणि म्हणतात, बाबांना तेवढाच विरंगुळा! काम म्हटले की त्याचा मोबदला ठरला पाहिजे. मोबदला नको असेल तर नको असे म्हणून दाखवावे, गृहीत धरू नये.

म्हणून मी लोकांना सांगतो, राहणारा आणि सांभाळणारा शक्यतो वेगळे ठेवा. भाऊ सांभाळणारा असेल तर घर परक्याला नोंदलेल्या कराराने द्या आणि भाड्यातला ठरलेला वाटा भावाला द्या. त्याला दिलेले मुखत्यारपत्र भाड्यापुरतेच असू द्या; विक्रीचा अधिकार त्यात घालू नका. ते परदेशात भारतीय वकिलातीत साक्षांकित केले असेल, तर इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. हे पुष्कळजण विसरतात.

भावालाच राहायला द्यायचे असेल तर मदत म्हणून द्या, आणि ती किती रुपयांची मदत आहे हे दोघांनाही ठाऊक असू द्या. एका गोष्टीत सोय आहे. सभासद स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जे जादा शुल्क घेते, आणि जे २००१ च्या सरकारी आदेशाने सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर नेता येत नाही, ते जवळचे नातेवाईक राहत असल्यास लागत नाही. प्राप्तिकर मात्र नाते ओळखत नाही. परदेशस्थ मालकाला भाडे देणाऱ्याने, मग तो सख्खा भाऊ का असेना आणि भाडे थोडे का असेना, तीस टक्के आणि वर उपकर कापून सरकारात भरायचा असतो. मालकाने विवरणपत्र भरून जादा गेलेला परत मागायचा. न कापल्यास जाब भाडे देणाऱ्याला विचारतात. बिचाऱ्या धाकट्याला हे कोणी सांगितलेलेच नसते.

भावाभावांच्या कागदाला मोठी भाषा लागत नाही. एक पान मराठीत पुरे. महिन्याला काय द्यायचे. कोणता खर्च कोणाचा. पावत्या कुठे ठेवायच्या. वर्षातून एकदा, दिवाळीला म्हणा, हिशेब पाहायचा. आणि घर सोडायची वेळ आली तर किती आधी सांगायचे. त्यावर दोघांच्या बायकांच्याही सह्या घ्याव्यात, कारण घर त्या चालवतात. आणि मुदत कधीही संपवा, पण ती मे महिन्याच्या अखेरीस संपेल अशी लिहा, म्हणजे मुलांची परीक्षा झालेली असते आणि नव्या वस्तीतल्या शाळेत नाव घालायला अवधी मिळतो.