सूट कुणाला आणि का?



ऑनलाइन खरेदीत कुणाला किती सूट दाखवायची, हे ठरवणारे प्रोग्रॅम लिहिणं हे माझं काम. ते कळलं की लोक हमखास विचारतात, "म्हणजे माझ्या मोबाइलवर महाग आणि हिच्या मोबाइलवर स्वस्त, हे तूच करतेस का?" प्रश्न चेष्टेत असतो, पण त्यातला राग खरा असतो.

भाव वेगळा असला की माणसं चिडतातच, असं नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे. शेजारचा पुरुष पूर्ण पैसे देतो, थोडा कुरकुरतो, पण कंडक्टरने फसवलं असं म्हणत नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर प्रवास मोफत. त्यावर कुरकुरही नाही, कारण म्हातारपण सगळ्यांनाच येणार. (आपल्या बॅचमधल्या काहींना जरा लवकरच!)

आता दुसरी गोष्ट. २००० साली अमेरिकेत अॅमेझॉनने एकच डीव्हीडी वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना वेगवेगळ्या किमतीला दाखवली. लोकांनी आपापसात ताडून पाहिलं आणि गवगवा झाला. कंपनी म्हणाली, गिऱ्हाईक कोण हे आम्ही पाहिलंच नाही, चाचणीसाठी किमती कशाही वाटल्या होत्या. तरीही जास्त पैसे भरलेल्यांना फरक परत द्यावा लागला. माणशी सरासरी तीन डॉलर! एवढ्यासाठी कुणी भांडत नाही. आपल्या पाठीमागे आपली किंमत ठरली, हे लोकांना झोंबलं.

पहिल्या ऑर्डरवरची सूट घ्या. नव्याला मान आणि दहा वर्षं येणाऱ्याला पूर्ण भाव. गावातला कुठलाही वाणी हे करायला धजला नसता. आमच्या धंद्यात मात्र ते सर्रास चालतं, कारण जुनं गिऱ्हाईक तसंही येणारच, असा हिशेब असतो.

सध्या आमच्याकडे यावरच वाद चालू आहे. माझं म्हणणं एवढंच, की सूट का दिली हे बिलावर एका ओळीत छापावं. विक्री विभागाला ते नको आहे. त्यांच्या मते, कारण छापायचं ठरलं तर काही सवलती देताच येणार नाहीत. मला तेच तर हवं आहे! निर्णय पुढच्या महिन्यात आहे.

तुमच्यापैकी काहींची दुकानं आहेत. रोजच्या गिऱ्हाइकाला तुम्ही हळूच पाच रुपये कमी लावता, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या नव्याला काय सांगता? जेवताना मला जरूर सांगा. त्या बैठकीत मला उपयोगी पडेल.