दिसायला सारखी, कामाला निराळी
(मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



चारचौघींत बोलायची मला सवय नाही. शिक्षणही सातवीपर्यंतच. परंतु चिटणीसबाईंनी फार आग्रह केला, म्हणून घरात घडलेली एक गोष्ट सांगते.

आमची थोरली मुलगी घरूनच कंपनीचे हिशेब पाहते. लॅपटॉपच्या लहानशा पडद्यापुढे दिवसभर मान खाली घालून बसावे लागे. मान इतकी धरली, की नोकरी सोडते म्हणू लागली. तेव्हा मी भिशीचे पैसे पुढे केले. मोठा पडदा आणि डॉकिंग स्टेशन घरी आले. डॉकिंग स्टेशन म्हणजे वाड्याचा दिंडीदरवाजाच समजा. लॅपटॉपला एकच वायर लावायची. पडदा, कीबोर्ड, माऊस ही सारी मंडळी त्या पेटीतून आत येतात.

वायर लावली. माऊस चालू झाला, पण मोठा पडदा काळा तो काळाच! "पैसे पाण्यात गेले," असे घरचे म्हणाले. मुलीचे डोळे भरून आले. मी चष्मा लावून पाहिले. लॅपटॉपला यूएसबी-सीची दोन भोके, अगदी जुळी. मात्र एकाशेजारी डी आणि पी ही अक्षरे एकमेकांत गुंतवलेली बारीकशी खूण होती, आणि वायर होती दुसऱ्यात. मी म्हटले, "अगं, ह्यात घालून बघ." आणि पडदा उजळला!

मग मुलीने कारण समजावले. भोकाचा आकार एक असला, तरी प्रत्येकातून चित्र जातेच असे नाही. कित्येकांतून नुसती माहिती आणि वीज जाते. मीठसाखरेचे डबे सारखे असले, की चिठ्ठी वाचूनच हात घालावा, तसेच हे. खूण नसेल, तर लॅपटॉपची माहितीपुस्तिका पाहावी. चित्र जातच नसेल, तर डिस्प्लेलिंक जातीचा डॉक घ्यावा. त्याचे सॉफ्टवेअर मात्र लॅपटॉपमध्ये घालावे लागते. डॉकवरूनच चार्जिंग करायचे असेल, तर मूळ चार्जरवरचे वॅट ताडून पाहावेत. आणि हे सारे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

मुलगी आता ताठ बसून काम करते. नोकरीही टिकली. "आपल्याला त्यातले काय कळते," असे म्हणून मी स्वयंपाकघरात निघून गेले असते, तर तो डॉक माळ्यावर पडला असता. भगिनींनो, नीट पाहायला आणि विचारायला फार शिक्षण लागत नाही.

बोलण्यात काही चुकले असल्यास क्षमा करावी. एवढे सांगून मी आपली रजा घेते.