तुमचा कॉल लॉग एकट्या तुमचा नसतो

आजचा विषय आहे आपल्या फोनमधला कॉल लॉग. कोणाला, कधी, किती वेळ फोन केला त्याची यादी. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, ॲप परवानगी कशी मागतं हे रोजचं काम. म्हणून यातलं थोडं आतलं सांगतो.

गोष्ट मार्च २०१८ची. केंब्रिज ॲनालिटिकाचं प्रकरण तापलेलं होतं आणि लोक फेसबुकवरून आपापला डेटा डाउनलोड करून बघत होते. अँड्रॉइड वापरणाऱ्या काही जणांना त्या फाइलमध्ये स्वतःच्या कॉल्सची यादी सापडली! नाव, नंबर, तारीख, वेळ, कॉल किती सेकंद चालला, सगळं. एसेमेस कोणाला गेले त्याच्याही नोंदी. फेसबुक म्हणालं की मेसेंजर किंवा फेसबुक लाइटमध्ये ज्यांनी परवानगी दिली त्यांचीच ही माहिती आहे. बोलणं किंवा मेसेजमधला मजकूर आम्ही घेत नाही, आणि हा डेटा विकतही नाही. पुढे एप्रिलमध्ये, वर्षाहून जुने लॉग डिलीट करू असंही कंपनीने सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, बोलणं ऐकलं नाही ना, मग बिघडलं कुठे?

बघा हं. समजा एका माणसाने सोमवारी आपल्या खारघरच्या टाटाच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे कॅन्सरच्या केंद्रात, फोन केला. दोन मिनिटं. लगेच गावाला भावाला फोन, चाळीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी विमा एजंटला, मग बँकेला. एक शब्दही ऐकू नका. त्या घरात काय चाललंय ते कळलं की नाही?

मग ही यादी ॲपला मिळते कशी? अँड्रॉइड ४.१ येण्याआधी कॉल लॉगसाठी वेगळी परवानगीच नव्हती. कॉन्टॅक्ट्सला हो म्हटलं की कॉल लॉगही त्यातच आला. २०१५मध्ये अँड्रॉइड ६ आलं, तेव्हापासून ॲप वापरताना एकेक परवानगी विचारायला सुरुवात झाली. ऑक्टोबर २०१८मध्ये गूगलने जाहीर केलं की कॉल लॉग आणि एसेमेस वाचायची मुभा मोजक्याच ॲप्सना मिळेल, मुख्यतः तुम्ही फोन किंवा मेसेजसाठी डिफॉल्ट ठेवलेल्या ॲपला. आयफोनमध्ये तर बाहेरच्या ॲपला कॉल लॉग मिळतच नाही.

म्हणजे प्रश्न मिटला? नाही. कारण कॉन्टॅक्ट्सचं दार अजून उघडंच आहे. आणि माझा खरा मुद्दा इथे आहे. ‘अलाउ’वर बोट ठेवता तुम्ही, पण यादीत असतात तुमची आई, मामा, कॉलेजची मैत्रीण, सोसायटीचा प्लंबर. त्यांना कोणी विचारलं? एखाद्याने आयुष्यात फेसबुक उघडलं नसेल, तरी त्याचा नंबर दहा मित्रांच्या फोनमधून तिथे पोचू शकतो. एप्रिल २०१८मध्ये अमेरिकन संसदेसमोर झुकरबर्गनेच मान्य केलं की फेसबुकवर नसलेल्या लोकांचीही माहिती कंपनी गोळा करते. कारण दिलं सुरक्षेचं.

याचं सगळ्यात वाईट रूप आपल्याकडे दिसलं ते झटपट कर्ज देणाऱ्या ॲप्समध्ये. कर्ज घेतलं एकाने, पण वसुलीवाल्यांचे फोन आणि बदनामीचे मेसेज गेले त्याच्या कॉन्टॅक्ट लिस्टमधल्या नातेवाइकांना, ऑफिसातल्या लोकांना. शेवटी सप्टेंबर २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला की कर्जाच्या ॲपने कॉन्टॅक्ट्स, कॉल लॉग, फोटो-फाइल्स यांना हात लावायचा नाही. मे २०२३ अखेर गूगलनेही प्ले स्टोअरवरच्या अशा ॲप्सना कॉन्टॅक्ट्स आणि फोटो बंद केले.

कायद्याचं काय? २४ ऑगस्ट २०१७ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मग २०२३मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झाला. त्यात एक छान उदाहरणच दिलंय. डॉक्टरांचा सल्ला देणारं ॲप कॉन्टॅक्ट लिस्टही मागतं आणि तुम्ही दोन्हीला हो म्हणता. तरी ती संमती फक्त सल्ल्यापुरतीच धरायची, कारण त्या कामाला कॉन्टॅक्ट लिस्ट लागतच नाही! पण नियम आले नोव्हेंबर २०२५मध्ये, आणि कंपन्यांवरच्या मुख्य अटींना १८ महिन्यांची मुदत दिली. तोवर राखण आपणच करायची.

तर आज दोन कामं करा. फोनच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग परमिशन मॅनेजर उघडा. कॉल लॉग आणि कॉन्टॅक्ट्स कोणाकोणाकडे आहेत बघा, आणि ज्या ॲपचा फोन लावण्याशी संबंध नाही त्याची परवानगी काढा. दुसरं, परवानगी काढली म्हणून आधी गेलेली यादी सर्व्हरवरून पुसली जात नाही. म्हणून फेसबुक आणि मेसेंजरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन कॉन्टॅक्ट अपलोड बंद करा आणि आधी अपलोड झालेले कॉन्टॅक्ट्स डिलीट करा.

आणि हो, घरातल्या मोठ्यांचा फोनही घ्या हातात. त्यांच्या यादीत तुमचाही नंबर आहे! त्यांना रागावू नका, शेजारी बसून दाखवा.

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा, काळजी घ्या.