पुराचें पाणी आणि सार्वजनिक पैसा

पावसाळा ऐन भरांत आला म्हणजे कोल्हापुरांत सकाळच्या चहाबरोबर पहिला प्रश्न निघतो तो, "बंधाऱ्यावर आज किती फूट?" हा. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजली जाते. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका, हें कोष्टक येथील शाळकरी पोरासही पाठ असतें. ऑगस्ट २०१९ मध्यें हें पाणी ५५ फुटांच्या वर गेलें. दोनच वर्षांनीं, जुलै २०२१ मध्यें, ५६ फुटांच्या आसपास पोंचलें. २०२४ सालींही धोक्याची खूण पाण्याखालीं गेली. तेव्हां पूर येणार कीं नाहीं, हा वाद आतां उरलेला नाहीं. वाद उरला आहे तो, हातीं असलेला रुपया पुरापूर्वीं कोठें खर्चावा, याचा.

पंधराव्या वित्त आयोगानें २०२१ ते २०२६ या पांच वर्षांसाठीं राज्यांच्या आपत्ति-निधीची वांटणी ठरवून दिली. तींत दर रुपयामागें ४० पैसे तातडीच्या मदतीस, ३० पैसे पुनर्बांधणीस, २० पैसे संकटाचा जोर कमी करणाऱ्या कामांस आणि पूर्वतयारीस अवघे १० पैसे. आग लागल्यावर सत्तर आणि लागण्यापूर्वीं तीस, असा हा हिशेब पाहून कोणी हंसेल. पण तें हंसणें पुरतें न्याय्य होणार नाहीं. संकटाचा जोर कमी करण्यासाठीं स्वतंत्र निधि असावा, असें २००५ च्या कायद्यांत लिहिलें होतें. तो प्रत्यक्षांत उतरण्यास पंधरा वर्षें लोटावीं लागलीं. मदत वांटतांना छायाचित्र निघतें. न बुडालेल्या पंपाचें छायाचित्र कोण काढणार?

पंपाची गोष्ट येथें सहज निघाली, तरी तिचें मोल मोठें आहे. २०१९ च्या पुरांत शिंगणापूर व बालिंगा येथील उपसा केंद्रांत पाणी शिरलें, यंत्रें बंद पडलीं आणि चोहोंकडे पाणी असतांना शहराचे नळ कोरडे राहिले. लोक टँकरमागें घागरी घेऊन धांवले. मोटारी आणि विजेचीं खोकीं पुराच्या ठाऊक असलेल्या खुणेच्या वर उचलून बसविणें हें काम लहान. त्याचा खर्च आधीं मोजतां येतो आणि लाभ साऱ्या शहरास पोंचतो. अशा कामास पहिला क्रम द्यावा, हें सांगण्यास तज्ज्ञांची समिति लागूं नये.

समित्या अर्थात् झाल्या. २०१९ नंतर श्री. नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें पुराचीं कारणें शोधविलीं. पुढें जागतिक बँकेच्या साहाय्यानें कृष्णा खोऱ्यांतील पुराचें पाणी दुष्काळी मुलखाकडे वळविण्याची कल्पना पुढें आली. कल्पना मनास मोहविणारी खरी. परंतु महापुरांत कृष्णेंतून दर सेकंदास लाखों घनफूट पाणी वाहतें, आणि कालव्याची किंवा बोगद्याची झेंप हजारांचीच. दुष्काळी शेतास त्या पाण्याचा उपयोग होईल. शिरोळच्या अंगणांतील पाणी तेवढ्यानें किती इंच उतरेल, हें निराळें विचारलें पाहिजे. तेथें जमीन सपाट आहे. नृसिंहवाडीस पंचगंगा कृष्णेला मिळते आणि कृष्णाच भरून वाहूं लागली म्हणजे पंचगंगेस वाट उरत नाहीं. पाणी मागें तुंबतें व दिवसेंदिवस हलत नाहीं. एकाच योजनेच्या दोन लाभांची बेरीज एकाच्याच नांवावर मांडली, कीं हिशेब फसतो.

धरणाच्या बाबतींतही असेंच. शाहू छत्रपतींच्या काळीं भोगावतीवर ज्याचें काम सुरू झालें, त्या राधानगरी धरणास स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला कीं ते आपोआप उघडतात. धरण बांधलें तें पाणी सांठविण्यासाठीं. पुरासाठीं त्यांत जागा रिकामी ठेवावी, तर अंदाजपत्रकांत एक पैही लागत नाहीं. मात्र पुढें पाऊस रुसला तर उन्हाळ्यांत ऊंस वाळतो. किंमत द्यावी लागतेच, ती फक्त वेगळ्या वहींत लिहिली जाते.

चिखली आणि आंबेवाडी या गांवांचें उदाहरण याहून बोलकें आहे. १९८९ च्या पुरानंतर तेथील लोकांस सोनतळी येथें जागा देण्यांत आली. तीस वर्षांनीं, २०१९ सालीं, त्याच गांवांतून माणसें नावांनीं बाहेर काढावीं लागलीं. याला लोकांचा हट्ट म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण शेत नदीकांठीं, गोठा नदीकांठीं, वैरणीची गंजी नदीकांठीं. दुभती म्हैस सोडून शेतकरी निघेल कसा? भूखंडाबरोबर गोठ्याची सोय केली नाहीं, तर तो खर्च अर्धवट राहतो, आणि उरलेला अर्धा पुढच्या पुरांत नावेच्या रूपानें करावा लागतो. त्या नावाही पुऱ्या पडत नाहींत. सांगली जिल्ह्यांतील ब्रह्मनाळ येथें ८ ऑगस्ट २०१९ रोजीं क्षमतेहून अधिक माणसें घेतलेली नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. चांगल्या नावा, गळ्यांत घालावयाचीं तरंगतीं जाकिटें आणि उन्हाळ्यांतच शिकवून तयार केलेले नावाडी, यांस लागणारी रक्कम कोणत्याही बोगद्यापुढें किरकोळ आहे.

सर्वांत स्वस्त उपाय नकाशावर आधींच आखलेला आहे. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आंत घर बांधूं न देण्यास तिजोरींतून कांहीं जात नाहीं. परवानगीचें शुल्क तेवढें बुडतें. बहुधा म्हणूनच हा उपाय सर्वांत अवघड ठरतो.

शाहूपुरींतील कुंभार गल्लीची अडचण आणखी निराळी. गणेशमूर्तींवर रंग चढतो तो नेमका जुलै-ऑगस्टांत, आणि पूरही तेव्हांच. मूर्ति ओली झाली तर वर्षाची कमाई गेली. या कारागिरांस हवें आहे तें उंचावरचें, छप्पर असलेलें एखादें गोदाम, तेंही फार तर दोन महिन्यांपुरतें. आणि बंधाऱ्यावर ३९ चा आंकडा लागतांच मूर्ति तेथें हलविण्यास चार-सहा मालमोटारी.