अ‍ॅडमिन कोणाला जबाबदार?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला ‘मोबाईल आणि कायदा’ असा विषय दिला आहे. मी वकील नाही. रेल मिलच्या इलेक्ट्रिकल विभागात माझी नोकरी गेली. आमच्याकडे वाद घालायला पदवी लागत नसे, पाळी सुटायची वाट बघावी लागे एवढेच. दुसरी पाळी सुटली की गेटबाहेरच्या चहाच्या ठेल्यावर अर्धी मराठी, अर्धी हिंदी आणि अधूनमधून छत्तीसगढी अशी आमची सभा भरायची. ब्लास्ट फर्नेसपासून बोफोर्सपर्यंत सगळे खटले आम्ही तिथेच निकाली काढले. निवृत्तीनंतर ठेला सुटला आणि ग्रुप आला. मंडळाच्या त्या ग्रुपचा अ‍ॅडमिन मी. निवडणूक वगैरे झाली नव्हती. ज्याने ग्रुप बनवला तो अ‍ॅडमिन, असा प्रकार.

आज जे सांगणार आहे ते या ग्रुपवर घडले. ज्यांच्या बाबतीत घडले त्या वहिनींना विचारूनच सांगतो आहे. नाव घ्यायचे नाही, असे त्यांनी बजावले आहे. इथे निम्म्या लोकांना ते ठाऊक आहे, हा भाग वेगळा.

२०२३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. ग्रुपवर तो प्रसिद्ध निरोप पुन्हा आला. तुमच्याकडेही आला असेल. संदेशापुढे दोन निळ्या आणि एक लाल टिक दिसली तर सरकारने तुमचा संदेश वाचला, तीन लाल दिसल्या तर तुमच्यावर खटला भरला, असे काहीतरी. हा निरोप खोटा असल्याचे केंद्र सरकारच्याच पीआयबीने पूर्वीच जाहीर केले होते. पण खोट्या निरोपाला निवृत्तीचे वय नसते.

वहिनी शाळेत शिकवत होत्या. त्यांनी खाली चार ओळी लिहिल्या. व्हॉट्सअ‍ॅपला टिका फक्त दोन असतात, तिसरी कुठून येणार? पाठवणारा आणि घेणारा यांच्यामध्ये संदेश कुलूपबंद असतो, ही सोय २०१६ पासून सर्वांना आहे. आणि सरकारवर टीका केली की अटक, असा कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले आहे.

इथे थोडे थांबतो, कारण हे कलम आपल्या महाराष्ट्राशी फार जवळून जोडलेले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले, मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका मुलीने त्या बंदबद्दल फेसबुकवर चार शब्द लिहिले आणि तिच्या मैत्रिणीने ते ‘लाइक’ केले. दोघींना अटक झाली. लिहिणारीला झाली ती झालीच, आवडले म्हणणारीलाही झाली! त्यानंतर श्रेया सिंघल नावाची तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने सांगितले की चर्चा करणे वेगळे, एखाद्या मताचा आग्रह धरणे वेगळे आणि चिथावणी देणे वेगळे. पहिली दोन कितीही झोंबली तरी त्यांना मोकळीक आहे. कोणाला त्रास झाला, एवढ्यावरून गुन्हा होत नाही. गंमत अशी की कलम रद्द झाल्यावरही ठाण्याठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदले जातच होते. २०२१ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाने त्यावर धक्का बसल्याचे म्हटले. मेलेल्या कलमाने जिवंत माणसे पकडली जात होती. वहिनींना हे सगळे माहीत होते. आम्हाला नव्हते.

त्यांच्या चार ओळींवर आमच्या एका मित्राने उत्तर दिले. मित्र मनाने वाईट नाही, पण त्याला कोटी सुचली की राहवत नाही. त्याने लिहिले, ‘वहिनी, टिका मोजत बसण्यापेक्षा टिकली लावा.’

वहिनींचे यजमान २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गेले. माझ्याच पाळीतला माणूस. मित्राला कोटी आठवली, हे आठवले नाही. त्या कोटीखाली अकरा हसरे चेहरे आले. अकरातला एक माझा होता.

वहिनींनी उत्तर दिले नाही. त्या ग्रुपमधून बाहेर पडल्याची एक ओळ तेवढी आली. एका सुनेने लिहिले की हा संदेश काढायला हवा. त्यावर मी काय लिहिले ते ऐका. मी लिहिले, ‘अ‍ॅडमिन जबाबदार नसतो, हायकोर्टाचा निकाल आहे.’ वर एक हसरा चेहरा.

निकाल खरा आहे. तो आपल्या शेजारचाच आहे. इथून गोंदिया किती लांब? तिथून बल्लारशाच्या लाईनवर अर्जुनी-मोरगाव. आपल्यापैकी कित्येकांची सोयरीक त्या बाजूला आहे. तिथल्या एका ग्रुपवर २०१६ मध्ये एका सभासदाने एका महिला सभासदाबद्दल घाणेरडे शब्द वापरले. तक्रार अशी होती की अ‍ॅडमिनने त्याला काढले नाही, माफी मागायला लावली नाही, उलट आपण काही करू शकत नाही असे सांगितले. पोलिसांनी अ‍ॅडमिनवरही गुन्हा दाखल केला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. १ मार्च २०२१ रोजी न्यायमूर्ती झका हक आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांनी अ‍ॅडमिनवरचा गुन्हा रद्द केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: अ‍ॅडमिनच्या हातात माणूस घेणे आणि काढणे एवढेच असते. कोण काय पाठवणार आहे ते आधी तपासण्याची, गाळण्याची शक्ती त्याच्याकडे नसते. दोघांनी मिळून ठरवून केले असे दिसले तर गोष्ट वेगळी, एरवी दुसऱ्याच्या शब्दांसाठी त्याला आरोपी करता येत नाही. पुढच्याच वर्षी केरळच्या उच्च न्यायालयानेही असेच मत दिले.

हा निकाल मला पाठ होता. दोन दिवस मी तो अभिमानाने मिरवला.

तिसऱ्या दिवशी माझी मुलगी आली. ती ग्रुपवर नाही. मी तिला निकाल ऐकवला. तिने माझा फोन हातात घेतला आणि म्हणाली, ‘बाबा, हा निकाल २०२१ चा. तुम्हाला बटण मिळालं २०२२ मध्ये.’

मला ठाऊकच नव्हते. २०२२ च्या ऑगस्टअखेरपासून अ‍ॅडमिनला दुसऱ्याने टाकलेला संदेश सर्वांच्या फोनमधून काढता येऊ लागला होता. कोणत्या अ‍ॅडमिनने काढला तेही सगळ्यांना दिसते. मुदत असते, दोन दिवसांहून थोडी जास्त. मी बोट दाबून बघितले. मुदत संपली होती.

मग घरातच खटला उभा राहिला. मी म्हणालो, न्यायालयाचे शब्द ‘पाठवण्याआधी’ असे आहेत, बटण तर पाठवल्यानंतरचे, म्हणजे निकाल जसाच्या तसा उभा आहे. कायद्याच्या दृष्टीने मला आजही तेच बरोबर वाटते. न्यायालयाने बघितले ते संगनमत होते की नाही, आणि नुसते बटण असल्याने संगनमत होत नाही. मुलगी म्हणाली, ‘मान्य. पण बाबा, तुम्ही हसलात ना?’

यावर माझ्याकडे कलम नव्हते.

आमच्या मिलमध्ये मोटर दुरुस्तीला घेतली की वीज बंद करून स्विचवर आपल्या नावाची पाटी लावायची. ज्याने लावली त्यानेच काढायची. चीफ इंजिनीअर आला तरी त्याने तिला हात लावायचा नाही. पाटी ज्याच्या नावाची, आत काम करणाऱ्याचा जीव त्याच्या हवाली. तीस वर्षे मी हे पाळले आणि पोरांना शिकवले. ग्रुपच्या स्विचवर माझ्याच नावाची पाटी होती. त्या दिवशी मी म्हणत होतो की करंट मी सोडलेला नाही.

मी वहिनींकडे गेलो. त्यांनी चहा केला. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, इथे माफी मागून मी काय करू? जिथे हसलात तिथे लिहा.’ मी म्हणालो, मित्रालाही लिहायला सांगतो. त्यावर त्या म्हणाल्या, ‘त्यांचं त्यांच्यावर सोडा. तुम्ही तुमचं लिहा.’

लिहायला मला पूर्ण दुपार लागली. पाच ओळी झाल्या. त्यात ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ हे शब्द आधी आले होते, ते खोडले. ‘असल्यास’ कशाला? दुखावल्या होत्याच. उरलेल्या दहापैकी चौघांनी खाली माफी मागितली. दोघे ग्रुप सोडून गेले, म्हणाले थट्टामस्करीही चालत नसेल तर काय उपयोग. त्यांचे म्हणणे मी अगदीच उडवून लावत नाही. थट्टा गेली तर ग्रुपवर सुप्रभात आणि श्रद्धांजली एवढेच उरेल, हेही खरे. आमच्या ठेल्यावर तर याहून भयंकर बोलले जाई. पण तिथे समोरच्याचा चेहरा दिसायचा. कोटी वाकडी गेली तर दुसरा चहा आपल्या पैशाने सांगावा लागायचा, आणि सांगितला जायचा. कोटी करणारा मित्र दोन महिने गप्प होता. मग एके दिवशी तो वहिनींच्या घरी जाऊन आला. तिथे काय बोलणे झाले, ते मी विचारले नाही.

तुम्हाला काही कामाच्या गोष्टी सांगतो. स्त्रीच्या प्रतिष्ठेला धक्का लावणाऱ्या शब्दांसाठीचे जुने ५०९ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ७९ क्रमांकाने आले आहे. अश्लील मजकूर पाठवण्यासाठीचे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ कायम आहे, त्यात पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘मी फक्त पुढे पाठवले’ असे म्हणून सुटका होत नाही, पाठवणारा प्रत्येक जण पाठवणाराच असतो. आणि आता आपल्या ग्रुपला चार अ‍ॅडमिन आहेत, त्यांत दोन स्त्रिया. बटण कुठे असते, ते चौघांनाही दाखवून ठेवले आहे.

वहिनी ग्रुपवर परत आलेल्या नाहीत. मी पाठवलेले आमंत्रण तसेच पडून आहे. मंडळात मात्र त्या येतात, आणि ज्यांना फोन उमगत नाही त्यांना दर रविवारी शिकवतात. तिथे मीही बसतो. माझे व्याख्यान संपल्यावर पहिला प्रश्न त्याच विचारणार, असे आमचे ठरले आहे. कोणी माईक तिसऱ्या रांगेत नेऊन द्या.